अजून नाव ठेवलेलं नाही

अजून नुसता आकडा आहे. अठ्ठ्याण्णव.
युकातानच्या कडेला ढगांचा विसविशीत पुंजका,
फळ्यावर पुसायचा राहून गेलेला खडू.
पण बुधवारी रात्री साडेबाराला
बर्फाच्या कारखान्यात आम्ही चौघं जागे आहोत,
एका फोनभोवती,
खाली बायूचं पाणी खांब चाटतंय.

साडेदहाला अमेरिकन मॉडेल येऊन गेलं.
म्हणालं, लुइझियाना. आम्हीच.
एकला युरोपियन येईल.
लुओंग क्वी त्याला म्हातारा म्हणतो:
उशिरा बोलतो, पण तोलून बोलतो.
मागच्या खेपेला तोही चुकला होता,
ते आज कुणी काढत नाही.

थिओफील दार्दारला फोनवरचं दिसत नाही.
त्याच्याकडे वाण्याची जुनी कागदी पिशवी आहे,
पूर्वी तिच्यावर आखाताचा नकाशा छापून यायचा,
पाव, मेणबत्त्या आणि वादळाची वाट, सगळं एका भावात.
इस्त्री करून जपलीय त्याने.
पेन्सिलीचे ठिपके इतक्या वर्षांचे, इतके खोडलेले
की आमच्या गावाच्या जागी आता भोक पडलंय.
"हे बघा," म्हणतो, आणि भोकातून बोट बाहेर काढतो.
हसलो आम्ही.
मग बोट दिसत राहिलं.

फोनवर सांडलेल्या शेवया. पन्नास तरी.
मी त्यातली जांभळी धरून बसलेय,
जांभळी थेट एल्मीरच्या स्वयंपाकघरातून जाते.
एल्मीर माझी सासू.
बारा फुटी खांबांवरच्या घरात झोपलीय,
किंवा झोपल्याचं दाखवतेय.
संध्याकाळी विचारलं, उद्या बॅटन रूजला जायचं का?
म्हणाली, आधी त्याचं नाव तर ठेवू देत.
बिननावाच्या पाहुण्यासाठी मी घर सोडत नाही.
पहाटे चारला बारसं होईल, असा अंदाज आहे.

देव पाण्यात घालून बसायची आम्हाला गरज पडत नाही.
गेल्या वेळी पाणीच गेलं देवापर्यंत:
सेंट-ओरेलच्या चर्चमध्ये मेरी कमरेइतकी बुडालेली,
कडेवरच्या पोराचे पाय भिजू नयेत म्हणून
त्याला जरा वर उचलल्यासारखी.

एक वाजून सहा मिनिटं.
रेघा उमटायला लागल्या, सहा-सहा तासांच्या उडीने.
चोवीस. अठ्ठेचाळीस.
नेट गेलं.
कुणी श्वास घेतला नाही, की फक्त मीच घेतला नाही.
नेट आलं.
सरकली! पूर्वेला, बोटभर.
बोटभर म्हणजे दोनशे मैल.
क्वीने टेबलावर थाप मारली,
कुणीतरी बिअर उघडली.
मीच उघडली.

दुसऱ्या घोटाला दिसलं, ते बोट कुठे जाऊन टेकलंय.
पेन्साकोलात माझा भाऊ राहतो, ऑव्हिद.
गेल्याच महिन्यात छप्पर घातलंय, हप्ते चालू आहेत.
'जागा आहेस?' मी लिहिलं.
उत्तर लगेच आलं, म्हणजे तिकडेही एक फोन
आणि त्याच्याभोवती डोकी:
'आहे ना. दुपारपर्यंत तुमच्याकडे परत ढकलतो.'
पुढे एक हसरा चेहरा.
मी तो बराच वेळ पाहिला. पिवळा, गोल, मधोमध काही नाही.

मार्सेलिन पूरफाटकावर कामाला आहे,
इतका वेळ एक शब्द बोलला नव्हता.
उठला, टोपी घातली.
"रेघ कुठेही जाऊ दे. शुक्रवारी सहाला फाटक बंद.
त्याला नाव मिळो न मिळो, तुमच्या नावा आत हव्यात."
आणि गेला. जिन्यावर त्याचे बूट
आम्ही शेवटच्या पायरीपर्यंत मोजले.

थिओफीलने पेन्सिलीला थुंकी लावली,
नवा ठिपका दिला, पेन्साकोलाच्या जवळ,
पण अगदी हलका,
खोडायला सोपा.

मी बर्फाचं मशीन परत चालू केलं.
इकडे नाही तर तिकडे,
बर्फ लागणारच.