रिकामं काडतूस

काका म्हणायचा, चढणीला हलकी ती खांद्याला जड.
हे त्यानं परेडवर नाही सांगितलं,
आमच्या रताळ्यांच्या बांधावर सांगितलं,
जांबोटीच्या अलीकडे, जिथं लाल माती विरते, जांभा उघडा पडतो
आणि रात्री रानडुक्कर येऊन
फुकट नांगरट करून जातं.

लुमाण्णा गावडे, निवृत्त आर्मरर हवालदार.
बावीस वर्षं दुसऱ्यांच्या रायफली उघडल्या, पुसल्या, मिटल्या.
स्वतःची घेतली ती पेन्शनीत, परवान्यावर.
पावणेपाच किलो.
आई तिला म्हस म्हणायची.

मी बेळगावातून आणली ती तीन किलोची,
नळी बारीक, दस्ता काळा, फायबरचा.
काडतूस दोघींचं एकच.
"गोळी पुढं गेली की कुणीतरी मागं जाणारच," काका म्हणाला.
"जड असली तर चालत येते. हलकी असली तर धावत येते,
आणि दारात उभा तुझा खांदा.
निधान, साते. निधान."

जुन्या खाणीत तीनशे पावलं मोजली,
चुना फासलेला तवा टांगला.
पहिली लागली.
दुसरी खाली, डावीकडे.
तिसरीची नुसती धूळ.
मी म्हटलं, घाटाकडून वारं आहे.
"वारं असंल. खरं गवताचा तुरा तर हलला नाही गे."

मग त्यानं पाठ करून भरली आणि दिली हातात.
मी श्वास धरला, चाप दाबला.
टक्.
आवाज नाही, धक्का नाही,
तरी नळीनं मान खाली घातली
आणि माझे डोळे मिटलेले.
आत रिकामं काडतूस होतं, कालचंच, काळं पडलेलं.

"गव्हाभर इथं, हातभर तिकडं," काका म्हणाला,
दुकानाची पावती वाचावी तसा.
"धक्का नंतर येतो. भ्या आधी."

दिवाळीपर्यंत मी म्हस वाहिली.
तिचा धक्का उशीसारखा, खरंच,
पण टेकडीच्या माथ्यावर पोचेतो
पट्टा गळपटीत रुतलेला, दंड थरथरत,
आणि धापेसरशी तवा वर-खाली, वर-खाली.
पाव तास दगडावर बसायचं, मग नेम.
डुक्कर काही पाव तास बसत नाही.

एकदा, सुगी उरकल्यावर, मी काकाची भरली.
पाठ करून.
त्यानं गाल दस्त्याला लावला, निम्मा श्वास सोडला,
मला वाटलं आता भिंत उभी राहिली.
टक्.
आणि म्हशीनं मान घातली खाली.
माझ्याइतकी नाही. तिळाएवढी.
बावीस वर्षांनंतर, तिळाएवढी.

त्यानं बोल्ट ओढला, रिकामं काडतूस तळव्यावर घेतलं.
हसला नाही. रागावला नाही.
घरी येऊन जुन्या जाळ्याचे शिशाचे मणी वितळवले,
माझ्या रायफलीच्या दस्त्यात ओतले,
भोकावर फणसाची खुंटी मारली, पुसून काढली.
सव्वाचार किलो.
"वाहवेल एवढी. सोसवेल एवढी.
मधलं काय ते तुझं तू बघ."
स्वतःच्या बंदुकीला मात्र हात लावला नाही.

निवडणूक लागली तशा दोन्ही खानापूरच्या ठाण्यात जमा झाल्या.
कन्नडातली पावती आईनं फडताळात घातली.
गावात बंदूक नाही हे डुकरांना
आमच्या आधी कळलं.

काका काठी घेऊन बांधावर, मी डबा घेऊन बडवायला.
मध्यरात्रीनंतर चोर्ल्याच्या रस्त्यावर
कुठल्याशा ट्रकचा टायर फुटला.
अंधारात काकाचा उजवा खांदा
गव्हाभर मागं सरला.

मी पाहिलं. डबा बडवत राहिले.
डुकरं पुढच्या वाफ्यात गेली.