साका

नोव्हेंबरची नऊ. मद्रासमध्ये आता रात्री पाणी गोठतं.
हे मद्रास ऑरेगनमधलं. मी इथे राहायला आले
तेव्हा भावाला वाटलं, परत आली.
इथे समुद्र नाही. गावाबाहेर जमिनीतून
दगडी अंडी निघतात, वरून मातकट,
आतून अकीक. निघालंच तर.

डेल्बर्टच्या गॅरेजात करवतीचं झाकण उचलते.
अठरा इंची पातं, कडेला हिऱ्याची कणी,
खाली पोटात सात गॅलन तेल.
वरचं चहाच्या रंगाचं, नितळ.
तळाशी राखाडी, चमचा उभा राहील असा
साका.

भिंतीवर सुताराच्या पेन्सिलीनं त्याचे नियम :
पाणी शिरू द्यायचं नाही, पातं गंजतं.
गोठण्याआधी उपसायचं.
हीटर लावायचा नाही, कितीही बोटं आखडली तरी.
आणि वेगळ्या, कापऱ्या अक्षरात :
ढवळू नकोस.
हा शेवटचा बहुधा माझ्यासाठी.

मी सत्तावीस वर्षं इस्पितळात
मेणात बसवलेल्या ऊतींचे काप काढले,
चार मायक्रॉनचे. डेल्बर्टला सांगितलं तर म्हणाला,
मग कापायचं तुला येतं.
आता धुवायला शीक.

तर, वरचं तेल आधी. रबरी नळीनं, हलक्या हातानं.
मग साका डावानं काढून
वाणसामानाच्या कागदी पिशव्यांत,
पिशव्या आढ्याच्या खिळ्यांना, खाली बादली.
चक्का टांगावा तशा.
फक्त इथे गळतं ते ठेवायचं
आणि उरतं ते टाकायचं.
हे अंगवळणी पडायला मला दोन हिवाळे लागले.

उरतं ते म्हणजे काय?
कापलेल्या प्रत्येक दगडाचं पीठ.
त्यात माझाही एक आहे.
विनायकनं जळगावहून पायमोज्यात गुंडाळून पाठवलेला,
वरून गारगोटीसारखा गोल, वजनाला आशादायक.
पाऊण तास करवत चालली.
आत काहीच नव्हतं, नुसता काळा फत्तर.
तेलात ओला होता तोवर मात्र
दोघंही बघत राहिलो.

एक अर्धा त्यानं ठेवून घेतला,
आता बेंडच्या वृद्धाश्रमात खिडकीत असतो, वाळून फिका.
एक माझ्याकडे, दार उघडं राहावं म्हणून.
परवा तिकडे माझा नेला आणि जोडून पाहिला.
नीट बसत नाही.
पात्याच्या जाडीइतका दगड
ना त्याच्याकडे, ना माझ्याकडे.
तो या पिशवीत आहे, बाकीच्यांत कालवलेला.

मार्चमध्ये प्राइनव्हिलचा एकजण करवत न्यायला येणार.
कॉलीननं बापाच्या वतीनं दोनशे डॉलर ठरवलेत.
त्याला तेल नको, तो पाण्यावर कापतो म्हणे.
हे मी डेल्बर्टला सांगितलेलं नाही.
म्हणजे तेल राहणार, करवत जाणार,
आणि हाती धुपाटणंसुद्धा नाही.

तरी बादलीचं झाकण घट्ट लावते.
मेणाच्या पेन्सिलीनं तारीख घालते,
जुन्या सवयीनं वर नमुना क्रमांकही लिहिते
आणि मग तो पुसते.

साडेसहाला फोन.
किती भरलं?
एक बादली, आणि दुसरीत चार बोटं.
पलीकडे टीव्ही, कुणाचं तरी खोकणं.
मग पिशव्यांत अजून आहे, तो म्हणतो. थांब.

थंडीत तेल जड होतं.
कागद भिजून आरपार झालाय, बल्ब धरला तर
आत दगडांचं पीठ दिसतं, आणि त्याच्या कडेनं
एक थेंब
खूप वेळ ठरवत असलेला.