वारा की पाणी

विमा कंपनीचा पोरगा तिशीचाही नसेल.
पांढरे बूट वाळूत बुडू नयेत म्हणून
आमच्याच पडवीच्या फळीवर उभा राहून विचारतो,
"आधी काय आलं, मिसेस ट्रॅहन? वारा की पाणी?"
वाऱ्याचे पैसे एक कंपनी देते, पाण्याचे दुसरी,
आणि दोघी एकमेकींकडे बोट दाखवतात.

मला काय ठाऊक, बाळा.
आम्ही तेव्हा दीडशे मैल वर,
एका शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रेघांवर
चादर अंथरून पडलो होतो.
माझं डोकं मैदानात, पाय मैदानाबाहेर.
रात्री तीनला छपराचा पत्रा वाजायला लागला
तेव्हा ओव्हिड म्हणाला, "गेलं."
मी म्हटलं, "झोप."

खांबांना विचार. सोळाच्या सोळा उभे आहेत,
लग्न उरकून कापड उतरवल्यावर
मांडवाचे राहतात तसे.
जिना आहे. चौदा पायऱ्या चढतो
आणि तिथेच गप्प होतो.

ओव्हिड कधीचा टाचेनं वाळूत रेघा ओढतोय.
इथे शेगडी. इथे कोळंबी सोलायचं मेज.
इथे खिडकी, जिच्यातून रात्री
तेलविहिरींचे दिवे मोजत पोरं झोपायची.
शेगडीपासून पलंगाकडे जाताना
तो अजून दारातूनच वळसा घेतो.
भिंत नाही.
पण भिंतीतून जात नाही.

टब दोन मैलांवर दलदलीत सापडला,
लव्हाळ्यात, काठोकाठ पावसाचं पाणी,
आत एक बगळा. आम्हाला बघून हलला नाही,
आम्हीच "सॉरी" म्हणून मागे फिरलो.
कुणाचा तरी फ्रीज आमच्याकडे आला,
आतली काकडीची बरणीसुद्धा न फुटता.
मग झेल्माचा फोन: "तुमचं निळं दार
माझ्या कुरणात पडलंय, चौकटीसकट.
गाई अंग घासतायत."

गेलो. कुलूप तसंच.
निघताना मीच लावलं होतं, दोनदा ओढून बघितलं होतं.
छप्पर गेलं, भिंती गेल्या, पलंग, पियानो, सगळं,
दार मात्र उघडलं नाही त्यानं कुणाला.
किल्ली माझ्या पर्समध्ये, खोकल्याच्या गोळ्यांखाली.
त्या गाईंसमोर मी रडून घेतलं.

कोरीन ह्यूस्टनहून रोज सांगते,
"मम्मा, पुरे झालं. इथे लिफ्ट आहे."
चुकीचं नाही बोलत पोरगी.
लुइझियानाच्या या कडेला जमीन अशीही
दरसाल थोडी कमी भरते.
पहिलं घर सासऱ्यांनी बांधलं,
फुटलेल्या बोटीच्या लाकडातून. तेही असंच गेलं.
दुसरं आम्ही.
घर पाहावं बांधून, म्हणतात;
कितीदा, ते कुणी सांगत नाही.

पोरगा अजून उभाच, पेन उघडं.
"लिही," मी म्हणते, "दोन्ही."
"दोन्हीचा रकाना नाही, मॅडम."
त्याच्या बुटात एव्हाना वाळू गेलीय.
मी त्याला थर्मासमधली कॉफी देते. त्याचा काय दोष.

नव्या नियमानं खांब अठरा फुटी लागणार.
चौदाच्या अठ्ठावीस पायऱ्या.
संध्याकाळी ओव्हिड ते निळं दार
दोन पिंपांवर आडवं टाकतो
आणि डिझेलच्या पावतीमागे नकाशा काढायला बसतो.
कागद उडू बघतो. मी त्यावर किल्ली ठेवते.
पैसे येतील की नाही, कधी, कुठल्या खात्यातून,
काहीच कळलेलं नाही,
आणि हा पेन्सिलीला टोक करतोय.
चौदाव्या पायरीवर त्यानं एक बाक काढलाय.
"हा कशाला?"
"मध्येच तुला दम लागला तर."
गुडघे कुणाचे गेलेत, ते दोघांना माहीत आहे.
"रुंद काढ जरा," मी म्हणते.
"आणि पाठ समुद्राकडे नको."