चाळीसवर बांधलेला घोडा

सुश्रुत दहेजला गेला, शिफ्टची नोकरी,
आणि लॅपटॉप माझ्याकडे राहिला
बोटभर धूळ आणि एक अर्धवट खेळ पोटात घेऊन.
खेळात एक घोडा होता. त्याला बघणारं कुणी नव्हतं.

मे महिना. दांडिया बाजारात रात्री अकरालाही
भिंती हात लावू देत नाहीत.
लॅपटॉपखाली मी पुरणाची जाळी सरकवते,
छताचा पंखा पाचवर,
तरी मशीन विमानासारखं ओरडतं.
कोपऱ्यात हिरवा आकडा: सत्तावीस, एकोणतीस, एकोणीस.
घोडा धावत नाही, अडखळतो,
जणू गठ्ठ्यातून एकेक फोटो काढून
कुणीतरी मला तो सावकाश दाखवतंय.

राजमहाल रोडच्या इम्तियाजभाईंनी आतला पंखा ब्रशने झाडला,
प्रोसेसरवर राखाडी पेस्ट लावली
(वाटाण्याएवढी, भाव केशराचा)
आणि म्हणाले, बेन, बधुं साथे नहीं मळे.
रूप जोईए के चाल, नक्की करो.

घरी येऊन सेटिंग उघडलं.
रुखवताचीसुद्धा एवढी यादी नव्हती.
गवताची दाटी. ढगांची जाडी. पाण्यातली प्रतिबिंबं.
केसांचा मऊपणा. धुकं. दूरचे डोंगर.
प्रत्येकापुढे तेच: कमी, मध्यम, जास्त, अति.

प्रतिबिंबं पहिली काढली.
नदी लगेच मातकट झाली, आपल्या विश्वामित्रीसारखी,
जिच्यात मगर वर येईपर्यंत काहीच दिसत नाही.
मला बरंच वाटलं. ओळखीचं पाणी.
गवत अर्धं कापलं. ढग सपाट केले.
डोंगरापलीकडचं गाव पुसट केलं,
तिथे मला जायचं नव्हतं.
तीस. तेहतीस. छत्तीस.

फोनवर सुश्रुत, मागे प्लांटचा भोंगा.
"सावल्या बंद कर आई. साठ मिळतील.
खेळताना कुणी सावल्या बघत नाही."

केल्या.
एकसष्ट!
घोडा असा सुटला की माझा खांदा आपोआप पुढे गेला.
मग त्याचे पाय पाहिले.
ते जमिनीला लागतच नव्हते.
काचेवर चिकटवलेलं जनावर, खाली नुसतं हिरवं सरकतंय.

त्याला काय सांगायचं.
एकोणीस वर्षं मी सयाजी दवाखान्यात एक्स-रे काढते.
पगारच सावल्यांचा घेते.
फुप्फुसाची, मणक्याची, गिळलेल्या रुपयाची सावली.
चित्र जास्त स्वच्छ हवं तर डोस जास्त,
समोर लहान पोर असेल तर हात आवरायचा,
मग जरा दाणेदार येतं,
डॉक्टर कुरकुरतात, आणि वाचतात.
पण सावलीच नको, असं अजून कुणी लिहून दिलेलं नाही.
दिवसभर माझ्या तोंडी तेच:
श्वास घ्या. रोखा. सोडा.
माणूस हलला की सगळं वाया.

सावल्या परत आणल्या. 'जास्त'वर.
त्यासाठी खेळातल्या बाजारातली माणसं निम्मी केली,
घोड्याची आयाळ लाकडी झाली तर होऊ दिली,
रेषांची धार एक पायरी उतरवली
(चष्म्याचा नंबर तसाही बदललाय)
आणि वेग चाळीसवर बांधून टाकला.

सुश्रुतचा मेसेज: किती?
चाळीस.
एवढेच?
एवढेच. पण हलत नाहीत.

पावणेएकला लाईट गेली.
बॅटरीवर अठरा, सोळा.
मी घोड्याला नदीकाठी थांबवलं.
तिकडे संध्याकाळ होती,
त्याची सावली चार पायांपासून निघून
पाण्यापर्यंत लांबलेली,
कडेला जराशी दातेरी, पण त्याचीच.
जाळीच्या भोकांतून गरम वारा माझ्या मांडीवर.
छताचा पंखा थांबलेला, लॅपटॉपचा धापा टाकत होता.
झाकणावर हात ठेवला
आणि सवयीनं तोंडातून गेलं: सोडा.
त्यानं बराच वेळ घेतला.