फळीवरची जागा

सात चाळीसला दस्तगीरची रिक्षा
विडी घरकुलच्या कोपऱ्यावर थांबते.
इंजिन तो बंद करत नाही,
बंद केलं की परत चालू व्हायला
तिला दोन शिव्या आणि एक लाथ लागते.

मागच्या सीटवर तिघी, ठरलेल्या :
अंबक्का, मधे महानंदा,
आणि यल्लूबाई, जिचा गुडघा वळत नाही
म्हणून कडेची जागा तिची.
मी फळीवर.
दस्तगीरच्या पाठीला पाठ,
वीतभर लाकूड, वर पोत्याची घडी,
माझे गुडघे त्यांच्या गुडघ्यांत अडकवून
डबा मांडीवर.

अकरा वर्षं झाली,
मी कामाला उलटी जाते.
तोंड घराकडं, जायचं कारखान्याकडं.
रस्ता मला संपल्यावर दिसतो.
खड्डा आधी कंबरेला कळतो, मग डोळ्याला.
अंबक्कानं हात जोडले की समजायचं, देऊळ आलं.
यल्लूबाईनं पदर नाकाला लावला
की डाईंगचा नाला.
दोघी एकदम गप्प झाल्या
म्हणजे गेंट्याल चौकात पोलीस उभा आहे.

आणि महानंदा.
महानंदा वाटभर माझ्याकडं
डोळे बारीक करून बघते.
काही बोलत नाही. नुसतं बघते.
मला वाटायचं, हिच्या मनात काहीतरी आहे.
भिशीचं असेल,
नाहीतर माझ्या पोरीनं घरी न सांगता
केलं त्या लग्नाचं.
अकरा वर्षं मी तिच्याशी
हातचं राखून बोलले.
शेंगाचटणी दिली, तीपण
डब्याच्या झाकणात, मोजून.

मी कॉलरी शिवते,
कुठल्या कुठल्या शाळांच्या शर्टांच्या.
दिवसाला अडीचशे, सणाच्या आधी तीनशे.
पोरं ती चघळतात, म्हणे. चघळू देत.

सोमवारी प्रणिता आली,
काजं-बटणाला लागलेली, एकोणीस वर्षांची,
ओढणी दोनदा गुंडाळून.
दस्तगीर आपल्या सीटवर थोडा सरकला,
"बस की गं हितं."
तिनं त्या टीचभर जागेकडं बघितलं,
मग माझ्याकडं.
मी उठले.
"तू फळीवर बस. मी बसते म्होरं."
अंबक्का तेलुगूत काहीतरी म्हणाली.
मला कळलं. मी कळलं नाही असं केलं.
बावन्नाव्या वर्षी माणसाला
तेवढी मुभा असते.

"मामी, दांडी धरा घट्ट," दस्तगीर म्हणाला,
"आन् पोलीस दिसला की खाली उतरून
चौक चालत पार करायचा, काय?"

अर्धं अंग बाहेर, एक पाय हवेत,
आणि रस्ता अंगावर आला.
बसला तोंड होतं.
टँकरवाल्याच्या कपाळाला अंगारा होता.
एमआयडीसीकडं वळलो आणि
समोरून ऊन असं आलं
की डोळे आपोआप बारीक झाले,
गालाचं हाड वर चढलं,
ओठ एका बाजूला गेला.

दस्तगीरच्या आरशात मी मला बघितलं.
ती महानंदा होती.

अकरा वर्षं जे ऊन माझी पाठ शेकत होतं
तेच तिच्या डोळ्यांत जात होतं.
मधे मी बसलेली, बुटकी,
सावलीपण पुरेशी देत नव्हते.

मागं वळून सांगावं म्हटलं
तर मान वळेना, इंजिनपुढं आवाज पोचेना,
आणि सांगणार तरी काय?
की तुझ्यावर मी रागावले होते,
आणि सूर्य होता तो?

गेटवर उतरले.
दस्तगीरच्या हातावर चाळीस रुपये ठेवले.
"तिचे पण."
"का गं, आज काय येऊलालंय तुला?" महानंदा म्हणाली.
"सुट्टे नव्हते."

तिनं डबा या हातातून त्या हातात घेतला
आणि बघत राहिली माझ्याकडं,
डोळे बारीक करून.

गेटवर तेव्हा सावली होती.