उणे अठरा

अंबड एमआयडीसी, दुसरी पाळी.
शीतगृहाच्या दारावरचा काटा उणे अठरावर,
आणि तिकडे निफाडात पारा पाचवर आला म्हणून
द्राक्षवाले रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसलेत.
थंडी तीच.
तिथे मणी तडकवते,
इथे पोत्यापोत्यानं मटार राखते.

माझं काम छोटं.
दहा ग्रॅम दाणे खलात वाटायचे, आम्लात गाळायचे
आणि ब्युरेटमधून निळा रंग थेंबथेंब सोडायचा.
क जीवनसत्त्व आहे तोवर रंग विझत राहतो,
संपलं की पेल्यात गुलाबी उरतो.
जितके थेंब पचले तितका मटार जिवंत,
असं आमचे धात्रक सर म्हणतात,
वहीत मात्र नुसते मिलिलिटर लिहायला लावतात.

दिंडोरीहून सकाळी तोडून दुपारी आलेला: नऊ दोन.
उकळत्या पाण्यातून दीड मिनिट काढल्यावर: सहा नऊ.
त्या पाण्यात गेलं ते गेलं,
हिरवट वाफ तेवढी घरी जाईपर्यंत नाकात.
गोठवून तीन महिने झाल्यावर: सहा सहा.
जे हरवायचं ते उंबऱ्यातच हरवलं,
मग आत गेल्यावर फारसं काही घडलं नाही.
अशी माणसंही पाहिलीत मी.

बुधवारी पाळीआधी घाटावरच्या बाजारात
गायखे मावशींकडून पावशेर सोललेला मटार घेतला.
"ताजा ना?"
"आत्ता सोललाय, पोरी."
नखात हिरवं होतं, खोटं नव्हतं.
शेंगा सोमवारच्या, हे सुकल्या देठांनी सांगितलं.

चार एक.
पुन्हा केलं. चार शून्य.
इतक्या लवकर गुलाबी झालं
की कुणाची तरी चहाडी केल्यासारखं वाटलं.

पुढच्या बुधवारी त्यांना सांगितलं.
कसं सांगायचं ते ठरवून गेले होते, तिथे विसरले.
तराजूची दांडी पुसत त्या म्हणाल्या,
"मग मी काय डोळे मिटून विकते?
दुपारी मेथी मान टाकते
तेव्हा तिच्यातून काहीतरी जातं, ते दिसतं मला.
नाव तुला ठाऊक, एवढंच."
गोणपाटावर पाणी शिंपडलं, उगाच जोरात.
"पहाटेची भाजी बंगल्यांची,
दुपारची खानावळींची,
रात्री उरते ती आमच्या घरी जाते.
तीस वर्षं तीच खाल्ली.
लिही तुझ्या वहीत, किती थेंब."

मी स्टाफच्या दरातली एक पिशवी नेली त्यांच्यासाठी.
कानाशी हलवली त्यांनी. "खडे गं हे."
घरी फ्रीज नाही, हे मला पिशवी देऊन झाल्यावर सुचलं.
संध्याकाळपर्यंत ओल्या पोत्याखाली ती घामेजली,
रात्री उसळ झाली.
गुरुवारी फोन आला:
"चव बरी होती. गोड.
पण दाण्याला शेंगेचा वास नाही,
आणि नातवाला सोलायला काही नाही,
रिकाम्या हातानं बसला बापडा चुलीपाशी."

हे कुठल्या रकान्यात लिहू?
धात्रक सरांनी विचारलं,
बाजारातल्या नमुन्याला नाव काय दिलंस?
मी 'घाट' लिहिलं होतं.
त्यांनी खोडून 'नमुना ड' केलं.

पुढच्या आठवड्यात पहिली पाळी.
बुधवारी संध्याकाळी जाईन,
मान टाकलेली मेथी, बोटचेपे टोमॅटो,
जे काही उरलं असेल ते सगळं विकत घेईन,
असं ठरवलंय.

मग त्या घरी काय नेतील,
ते अजून ठरत नाही.