सत्तर-तीनशे

लेन्सच्या आत, काचेच्या कडेला
कोळ्याचं जाळं दिसतंय.
आठ पायांच्या कोळ्याचं; इथे सांगावं लागतं.
चिपळूणचा मोहिरे म्हणाला, बुरशी आहे.
उघडायचे अठराशे, हमी नाही.
"खाडीवर राहता आणि कपाटात ठेवता?"

तेव्हापासून ती तांदळाच्या जुन्या डब्यात,
दुकानातल्या गोळ्यांच्या बाटल्यांतून
जमवलेल्या पुड्यांच्या अंथरुणावर.
स्वतःच्या बीपीला मी इतका जपत नाही.

दाभोळच्या धक्क्यावर सकाळी साडेसहा.
पलीकडे, धोपाव्याच्या अंगाला
समुद्रगरुडाचं घरटं, उंच आंब्यावर.
प्रश्न असा, की तीनशे पुरेल की सहाशे घ्यावी,
आणि चिखलात ट्रायपॉडचा
तिसराच पाय का रुततो.

अश्रफ होडेकरने होडीत घेताना किंमत विचारली.
सांगितली.
"एवढ्यात जुनं इंजिन येतं," म्हणाला,
आणि होडी काठाच्या आणखी जवळ नेली,
फुकट, दोनेकशे मिलिमीटरभर.

गरुड उतरला तेव्हा मी काच पुसत होतो.
फोटोत आलं ते एवढंच:
शेपटीची तीन पिसं, उडालेलं पाणी,
आणि एक पांढुरकी रेघ, फोकसबाहेर.

अश्रफने अंगठ्याने ती रेघ मोठी केली.
"बोय," म्हणाला. "आत शिरायला लागली.
म्हणजे पाणी फिरलं,"
आणि दोरी ओढून इंजिन चालू केलं.

सहाशेची चौकशी अजून चालू आहे.
रेघ डिलीट केलेली नाही.